शिरेतून चढवलेले स्टेम सेल्स हाडात थांबतात कसे? थोडी पार्श्वभूमी

इंदूरला एमवाय हॉस्पिटलमध्ये बोन मॅरो (हाडाच्या आतला, रक्त बनवणारा मगज) ट्रान्सप्लांट व्हायला लागल्यापासून आपल्या मराठी घरांतही हा विषय निघतो, थॅलेसेमियाचं पोर कुणाच्या ना कुणाच्या नात्यात असतंच, आणि विचारतात सगळे एकच, की अहो दात्याचे स्टेम सेल्स (ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं ते मूळ सेल्स) रक्त चढवतात तसे शिरेतून देतात, हाडाला भोक नाही की काही नाही, मग ते मॅरोत जातात कसे?

खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही हे कैक वर्षं माहीत नव्हतं, काम होतंय ना मग करा, असंच चाललं होतं. 1957 मध्ये अमेरिकेचे डॉक्टर डोनाल थॉमस यांनी माणसांना शिरेतून मॅरो दिला तेव्हाही हेच (नोबेल मिळालं थेट 1990 ला). 1961 मध्ये टोरांटोच्या टिल आणि मॅकुलक या शास्त्रज्ञांना, मॅरो चढवलेल्या उंदरांच्या प्लीहेवर एकेका सेलपासून वाढलेल्या गाठी दिसल्या, तिथून स्टेम सेलचा पुरावा हाती लागला. मग 1978 मध्ये स्कोफील्ड नावाचे शास्त्रज्ञ म्हणाले, की स्टेम सेलला मॅरोत ठरलेली जागा लागते, तिथून हलला की त्याचं स्टेम सेलपण जातं. आयडिया जबरदस्त, पण धरून कोण ठेवतं ते कळायला अजून पंधरा-वीस वर्षं गेली.

स्टेम सेलच्या अंगावर व्हीएलए-4 नावाचं इंटिग्रिन, म्हणजे चिकटायला लागणारं प्रोटीन असतं, ते मॅरोतल्या सेल्सवरच्या व्हीकॅम-1 नावाच्या प्रोटीनला धरतं. 1993 मध्ये माकडांना व्हीएलए-4 अडवणारी अँटीबॉडी दिली तर मॅरोतले सेल्स सुटून रक्तात आले! पण हे इंटिग्रिन एरवी घडी घातलेल्या हातासारखं मिटून असतं, नाहीतर सेल रस्त्यात कुठेही चिकटेल. मॅरोतून एसडीएफ-1 नावाचं प्रोटीन सुटतं, ते सेलवरच्या सीएक्ससीआर-4 या रिसेप्टरला लागलं की आत सिग्नल जातो, टॅलिन आणि किंडलिन हे आतले प्रोटीन इंटिग्रिनच्या शेपटीला आतून जोडले जातात, मग ते उघडतं आणि पकड घट्ट होते. म्हणजे चिकटायचं ते बाहेरून पण हुकूम आतून, मला तरी यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. 1996 मध्ये जपानच्या नागासावांनी एसडीएफ-1 नसलेले उंदीर केले तर त्यांच्या मॅरोत रक्त बनणंच जवळपास बंद, आणि 1999 मध्ये इस्रायलमध्ये माणसाच्या सेल्सवरचा सीएक्ससीआर-4 अडवला तर ते उंदराच्या मॅरोत रुजेचनात.

दात्याकडे उलटा खेळ. चार-पाच दिवस जी-सीएसएफची (मॅरोला पांढऱ्या पेशी बनवायला लावणारं औषध) इंजेक्शनं, कंबर ठणकते, पण मॅरोत एन्झाइम सुटून व्हीकॅम-1 वगैरे कापलं जातं आणि सेल्स रक्तात येतात, ते मशीनने गोळा करतात. प्लेरिक्साफोर हे सीएक्ससीआर-4 अडवून सेल्स सोडवणारं औषध तर मुळात एचआयव्हीसाठी तपासत होते, कारण त्या व्हायरसलाही आत शिरायला सीएक्ससीआर-4 लागतो, तेव्हा घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि औषधाची लाईनच बदलली. 2008 मध्ये अमेरिकेत लिम्फोमा-मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी, जी-सीएसएफच्या जोडीने, मंजुरी मिळाली. ते सेल्स गोळा करायच्या साधारण 11 तास आधी द्यावं लागतं, म्हणून इंजेक्शन रात्री आणि मशीनवर बसवतात सकाळी.