जुनी स्पोर्ट्स कार, नवा ईसीयू आणि शून्य व्होल्ट

जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला संगणक जोडायचा म्हटलं की आधी चौकशी होते ती संगणकाचीच. कोणता घ्यावा, पेट्रोल फवारणारे किती इंजेक्टर चालवतो, लॅपटॉपवर ट्यूनिंग कसं करतात. पण असा ईसीयू, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा हा संगणक, बसवल्यावर इंजिन आज छान चाललं, उद्या अडखळलं, गरम झाल्यावर भलतंच वागायला लागलं, तर दोष बहुतेक वेळा त्या डब्यात सापडत नाही. तो वायरिंगमध्ये असतो, आणि त्यातही अर्थिंगमध्ये, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत. कारण ईसीयूला इंजिन दिसत नाही. त्याला दिसतात फक्त वायरींवरचे व्होल्ट.

उदाहरणाला १९६२ साली आलेली ब्रिटिश एमजीबी घेऊ. तिच्या १७९८ सीसी इंजिनावर मुळात दोन एसयू कार्ब्युरेटर. हवेच्या ओढीने आतला पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि त्या प्रमाणात पेट्रोल सुटतं. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर ठरवतो. वेग वाढला की त्यातली वजनं स्प्रिंगांना ताणून बाहेर जातात आणि टायमिंग पुढे येतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. ही रचना मला आजही फार सुंदर वाटते. पण स्प्रिंगा आणि वजनांकडून मिळतो तो एकच ठरलेला वक्र, त्यात इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणाऱ्या व्हॅक्यूम युनिटची थोडी भर. ईसीयूकडे मात्र तक्ता असतो. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला भार. १६ बाय १६ चा तक्ता असेल तर २५६ चौकटी, आणि प्रत्येकीत टायमिंगचा वेगळा आकडा भरता येतो. इंधनाचा तक्ता निराळा.

हे आकडे वापरायचे तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, या क्षणी कुठे आहे ते ईसीयूला कळायला हवं. ६००० आरपीएमला इंजिन सेकंदाला १०० फेऱ्या मारतं. एका फेरीला १० मिलिसेकंद, म्हणजे एक अंश फिरायला जेमतेम २८ मायक्रोसेकंद. त्यासाठी क्रँकच्या पुलीवर दातांचं चाक बसवतात. ३६ दातांची जागा, त्यातला एक दात गाळलेला. दर १० अंशांना एक दात जातो, आणि रिकामी जागा आली की फेरीचा आरंभ कळतो.

दात मोजणारा सेन्सर पुष्कळदा चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा असतो. दात समोरून गेला की वेटोळ्यात व्होल्टेज निर्माण होतं. स्टार्टर इंजिन संथपणे फिरवत असतो तेव्हा हा सिग्नल एखाद्या व्होल्टच्या आसपास असतो, कधी त्याहूनही कमी. इंजिन भरधाव फिरतं तेव्हा तोच कित्येक दहा व्होल्टांवर जातो. आणि शेजारून प्लगच्या जाड वायरी गेलेल्या, ज्यांत २० ते ४० हजार व्होल्टांची ठिणगी धावते! म्हणून या सेन्सरच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन, वरून धातूच्या जाळीचं शील्ड घालून, ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉईलपासून लांबून न्यायच्या. शील्ड एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला, अर्थ करायचं. दोन्ही टोकांना केलं तर शील्डमधूनच करंट वाहू लागतो आणि ज्यापासून बचाव करायचा तेच आत शिरतं. प्लगच्या वायरीही साध्या तांब्याच्या नकोत. रोधक गाभ्याच्या घ्याव्यात आणि प्लगही रेझिस्टरवाले.

आता अर्थिंग. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला. आजचे ईसीयू निगेटिव्ह अर्थवर चालतात. त्यामुळे गाडीची ध्रुवता आधी बदलावी लागते. त्याच ओघात डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवावा असं मी आग्रहाने सांगेन. जुना डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअरच्या आसपास देतो आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. फ्युएल पंप, इंजेक्टर, कॉईल आणि लॅम्ब्डा सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा) हीटर मिळून १५ अँपिअर सहज लागू शकतात, हेडलाइट वेगळेच.

गाडीची बॉडी म्हणजे सगळ्या उपकरणांची परतीची वायर. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत तिच्या सांध्यांवर गंज, रंग, जुनं ग्रीस बसलेलं असतं. समजा इंजिन ब्लॉकपासून बॅटरीपर्यंतच्या वाटेत ०.०२ ओहम रोध आहे. साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजायला गेलात तर हा रोध दिसणारसुद्धा नाही. पण त्यातून १० अँपिअर वाहिले की ०.२ व्होल्ट उभे राहतात. म्हणजे ईसीयूचं शून्य एका जागी आणि ब्लॉकचं शून्य त्याहून ०.२ व्होल्ट वर.

एवढ्याने काय बिघडतं? कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बघा. नेहमीच्या बॉश प्रकारच्या सेन्सरचा रोध ८० अंश सेल्सिअसला सुमारे ३२० ओहम असतो. ईसीयू त्याला ५ व्होल्टांच्या पुरवठ्यातून, समजा, २४९० ओहमच्या रेझिस्टरमार्गे वीज देतो आणि सेन्सरवरचे व्होल्ट वाचतो. यायला हवेत ०.५७. सेन्सरचा अर्थ त्या ब्लॉकवरच घेतला असेल तर वाचले जातात ०.७५ च्या जवळपास. ईसीयू हिशेब करतो आणि इंजिन ७० अंशांवर आहे असं धरून चालतो. थंड इंजिनाला जादा पेट्रोल लागतं, म्हणून तो तेही देतो. लॅम्ब्डाचंही तेच. लॅम्ब्डा सेन्सर वाचणाऱ्या बऱ्याच वाइडबँड कंट्रोलरमध्ये एका व्होल्टला हवा-इंधन प्रमाणाचे दोन अंक असं माप असतं. तिथे ०.२ व्होल्ट म्हणजे ०.४ ची चूक. मिश्रण खरोखर १४.७ ला एक असताना पडद्यावर १५.१ दिसतं, म्हणजे पेट्रोल कमी असल्यासारखं, आणि ट्यूनिंग करणारा माणूस प्रामाणिकपणे चुकीच्या दिशेने पेट्रोल वाढवत बसतो. शिवाय पंखा किंवा दिवे लागले की करंट बदलतो, चूकही बदलते. इंजिन लहरी वाटू लागतं ते त्यामुळे.

उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी हवी. प्रत्येक सेन्सरची परतीची वायर बॉडीला न लावता थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडपर्यंत न्यायची. इंजेक्टर आणि कॉईल यांच्या जड करंटच्या अर्थ वायरी ब्लॉकवर एकाच जागी, धातू घासून उघडा केलेल्या बोल्टवर घ्यायच्या. ब्लॉक ते बॅटरी जाड पट्टी नवी टाकायची. मग सगळं चालू ठेवून बॅटरीचं ऋण टोक आणि ब्लॉक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून व्होल्ट मोजायचे. टर्मिनल चांगल्या क्रिम्पिंग टूलने दाबावीत. सोल्डर केलं की शिसं तारेत वर चढतं, तिथे वायर ताठर होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

फ्युएल पंपाच्या वायरिंगमध्ये काटकसर करू नका, हा जिवाचा प्रश्न आहे. कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.३ बार दाब पुरतो, इंजेक्शनला सहसा ३ बार लागतो. पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात द्या, म्हणजे दातांचा सिग्नल थांबला की पंपही थांबेल. जोडीला अपघाताच्या धक्क्याने पंपाची वीज तोडणारा इनर्शिया स्विच हवाच.

एक अडचण मात्र वायरिंगने सुटत नाही. एमजीबीच्या सिलिंडर हेडमध्ये चार सिलिंडरांना हवेची दोनच तोंडं आहेत. १ आणि २ चं एक, ३ आणि ४ चं एक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२. त्यामुळे पुढच्या तोंडातून २ नंबर हवा ओढतो, अर्ध्या फेरीने १ नंबर, आणि मग दीड फेरी तिथे काहीच हालचाल नाही. त्या काळात तोंडात सोडलेलं पेट्रोल साचतं आणि त्यातलं बरंचसं २ नंबर घेऊन जातो. २ श्रीमंत, १ उपाशी. सायलेन्सरच्या पाइपात एकच लॅम्ब्डा सेन्सर असेल तर तो सरासरी सांगतो, आणि सरासरी अगदी बरोबर असू शकते. म्हणून इथे इंजेक्टर नेमके केव्हा उघडायचे ते ठरवू शकणारा ईसीयू लागतो, आणि कुठल्या सिलिंडरला पेट्रोल कमी-जास्त ते कळायला चारही प्लग काढून त्यांचा रंग पाहावाच लागतो.

जोडणी झाल्यावर पहिलं काम टायमिंग लाइटचं, म्हणजे ठिणगीबरोबर लखलखणाऱ्या दिव्याचं. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर गोठवायचं आणि पुलीवरच्या खुणेवर लाइट मारायचा. दोन सिलिंडरांत एक कॉईल असेल तर ठिणगी दुप्पट वेळा पडते, त्यामुळे लाइटवरची अंशांची चकती शून्यावर ठेवायची, नाहीतर आकडा फसवतो. खूण १० वर नसेल तर चाकाच्या कोनाची नोंद दुरुस्त करायची. मग हळूहळू रेस द्यायची. खूण जागेवर राहिली तर इंधनाच्या तक्त्याकडे वळता येईल. वेगाबरोबर ती सरकू लागली, तर क्रँक सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्याची शक्यता मोठी. सरळ जोडणीत दाताच्या मध्यावर सिग्नल झटकन शून्य ओलांडतो आणि तो क्षण कुठल्याही वेगाला पक्का असतो. उलट जोडणीत ईसीयू दोन दातांमधला सुस्त उतार पकडतो, आणि तो वेगाप्रमाणे पुढेमागे होतो. अशा वेळी इंजिन बंद करायचं, दोन तारांची अदलाबदल करायची आणि १० अंशांपासून पुन्हा बघायचं.