नव्या गाडीचं ऑइल तपासायला कधी द्यायचं?

नवा टिपर किंवा जेसीबी दारात आला की महिन्याभरात आमच्या ऑइल तपासणाऱ्या लॅबला मालकाचा फोन येतोच, "ऑइल आत्ताच तपासून घेऊ, की थोडं चालू दे?" आमचं उत्तर ठरलेलं आहे. पहिलं ऑइल ज्या दिवशी उतरवाल, त्याच दिवशी पहिली बाटली भरा. मात्र त्या एका रिपोर्टवरून इंजिनाला नावं ठेवू नका.

पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचं आतलं अस्तर, म्हणजे लायनर, एकमेकांत बसेपर्यंत लोखंडाचे बारीक कण ऑइलमध्ये उतरणारच. ऑइल कूलरच्या नळ्या तांब्याच्या असतील, तर आतून थर धरेपर्यंत तांब्याचा आकडाही फुगलेला दिसतो. ती झीज नव्हे. कारखान्यात जोडांना लावलेल्या गॅस्केट पेस्टमधून सिलिकॉन येतं. म्हणून पहिल्या रिपोर्टवर लाल खुणा दिसल्या तरी घाबरायचं कारण नाही. साधारण तिसऱ्या बाटलीपासून त्या इंजिनाची चाल कळू लागते.

मग पहिली बाटली कशाला? वाघोलीच्या एका क्रशरवरच्या टिपरचं सांगतो. पहिल्या रिपोर्टात सिलिकॉन बरंच होतं, पण एकटंच. ॲल्युमिनियम जागेवर होतं. पेस्टचं आहे, पुढच्या वेळी उतरेल, असं आम्ही सांगितलं. पुढच्या वेळी ते उतरलं नाही, उलट चढलं, आणि सोबत ॲल्युमिनियम आणि लोखंडही चढलं. ही सोबत धुळीची, कारण धुळीतही सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम असतं आणि ती इंजिन झिजवते. मालकाने फोरमनला एअर क्लिनरच्या पुढचा रबरी पाइप काढायला लावला. क्लिप सैल होती, आत बोट फिरवलं तर राखाडी भुकटी निघाली. पहिला रिपोर्ट हाताशी नसता, तर आम्हीही "नवीन आहे, होतंच" म्हणून मोकळे झालो असतो.

दोन गोष्टींना मात्र पहिल्या बाटलीतसुद्धा माफी नाही. एक डिझेल, दुसरं कूलंट. १५डब्ल्यू-४० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) दरम्यान हवा. तो १२.५ च्या खाली गेला आणि फ्लॅश पॉइंटही, म्हणजे ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेते तोही, पडला, तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय असं समजा. काही बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) इंजिनांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करायला सिलिंडरमध्येच जास्तीचं डिझेल सोडलं जातं, त्यामुळे हा प्रकार नव्या गाडीतही होतो. डिपस्टिकवर ऑइल घटायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, आधी आम्हाला कळवा. कूलंटचा माग सोडियम आणि पोटॅशियमवरून लागतो. यात एक मेख आहे. नव्या इंटरकूलरच्या जोडकामातून पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम जोडीनं येऊ शकतात. तेव्हा सोडियम नसताना आणि कूलंटची पातळी घटत नसताना हेड उघडायला सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नका.

आकडा नेहमी तासांवर किंवा किलोमीटरवर वाटून बघा. १०० तासांना लोखंड ६० पीपीएम (दहा लाख भागांत ६० भाग) आणि पुढच्या ५०० तासांना ९० पीपीएम आलं, तर ९० बघून धसका बसतो. तासाचा हिशोब केला तर ०.६ वरून ०.१८ वर आलंय, म्हणजे इंजिन छान बसतंय. बाटलीवर ऑइलचे तास लिहिलेले नसतील तर हा हिशोब आम्ही कुठून करणार? मधे किती लिटर टॉपअप केलं तेही लिहा.

पहिल्या वेळी त्याच ड्रममधलं कोरं ऑइलही एका बाटलीत द्या. टीबीएन, म्हणजे ऑइलची आम्ल मारायची ताकद, किती होता, ऑइलमध्ये मुळातच घातलेलं जस्त, कॅल्शियम किती होतं, हे कळल्याशिवाय किती संपलं ते सांगता येत नाही.

सॅम्पल गाडी चालवून आणल्यावर, इंजिन बंद करून लगेच, ऑइल गरम असताना घ्या. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट काढल्यावर पहिली धार सोडून द्या, मधल्या धारेखाली बाटली धरा. तळाचा गाळ नको. कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत आणलेलं सॅम्पल आम्ही परत पाठवतो, राग मानू नका.

आमचं मशीन साधारण ८ मायक्रॉनहून मोठे कण नीट मोजत नाही. त्यामुळे पहिला फिल्टर फेकू नका, कापून उघडा आणि घड्या उन्हात धरून बघा. चकाकता चुरा दिसला तर फिल्टरही घेऊन या.

वॉरंटी चालू असेपर्यंत ऑइल मॅन्युअलप्रमाणेच बदला. आमचा रिपोर्ट चांगला आला म्हणून मुदत वाढवू नका, क्लेम अडेल.

आणि घरच्या नव्या कारसाठी विचारत असाल, तर हा खर्च करू नका. वेळेवर ऑइल-फिल्टर बदला, तेवढं पुरे. टिपर, पोकलेन, जनरेटर, लांब पल्ल्याचा ट्रक असेल तर मोकळ्या बाटल्या आमच्याकडूनच न्या.