न उघडलेल्या चित्राने फाइल मॅनेजर का पडतो?

फोल्डर उघडावा, चित्रांच्या छोट्या प्रतिमा एकेक करून उमटू लागाव्यात आणि मध्येच सगळी खिडकी नाहीशी व्हावी. पुन्हा उघडली तरी तेच. गोंधळात टाकणारी गोष्ट ही, की आपण एकाही चित्रावर क्लिक केलेले नसते.

फाइलचे नाव, आकार, तारीख दाखवायची तर फाइल मॅनेजरला, म्हणजे फोल्डर-फाइल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, फाइलच्या आत डोकवावे लागत नाही. ती माहिती फाइल सिस्टिमकडेच असते. थंबनेल, म्हणजे ती छोटी प्रतिमा, मात्र फाइल वाचून, तिचा फॉरमॅट ओळखून, ती डीकोड करूनच, म्हणजे उलगडूनच बनते. म्हणजे आपल्या दृष्टीने न उघडलेले चित्र संगणकाने केव्हाच उघडलेले असते. हे काम करणारे डीकोडर मुळात फाइल मॅनेजरसाठी लिहिलेलेच नव्हते, आणि माझ्या मते या सगळ्या दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

लिबजेपेगचे उदाहरण घ्या. जेपेग चित्रे वाचणारी, १९९१ साली आलेली ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) आजही असंख्य प्रोग्रॅमच्या पोटात आहे. सुधारता न येणारी चूक आढळली, तर संदेश छापायचा आणि चालू प्रोग्रॅमच संपवायचा, असे तिचे मूळ वर्तन. एक चित्र घेऊन त्याचे रूपांतर करणाऱ्या, कमांडवर चालणाऱ्या साधनासाठी ते योग्यच होते. पण हीच लायब्ररी शेकडो फाइल हाताळणाऱ्या फाइल मॅनेजरमध्ये जोडली आणि चूक हाताळणारे स्वतःचे फंक्शन द्यायचे राहिले, तर एक अर्धवट डाउनलोड झालेला फोटो सगळा फाइल मॅनेजर बंद करू शकतो. आणि ही झाली लायब्ररीच्या लक्षात आलेली चूक. लक्षात न आलेली चूक मेमरीत भलतीकडे लिहून जाते, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम ती प्रोसेसच, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅमच, मारून टाकते. थंबनेलसाठी वेगळा थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारे काम) ठेवला तरी उपयोग नाही. थ्रेड एकाच प्रोसेसमध्ये राहतात, एक पडला की सगळे पडतात.

ठरावीक फॉरमॅटवरच हे का घडते, यालाही कारण आहे. जेपेगचा डीकोडर चित्र थेट एक-अष्टमांश आकारात उलगडू शकतो, शिवाय कॅमेऱ्याच्या फोटोत एक्झिफ या फोटोच्या माहितीबरोबर तयार थंबनेल बहुधा असतेच. ही सवलत प्रत्येक फॉरमॅटला नाही. १९८६ मध्ये आल्डसने आणलेल्या टिफमध्ये माहिती फाइलमध्ये कुठेही असू शकते. ‘पुढचा भाग अमुक ठिकाणी’ असे आकडे त्यात लिहिलेले असतात. तो आकडा मागेच बोट दाखवत असेल आणि डीकोडरने तपासले नाही, तर तो गोल गोल फिरत राहतो. एखादी इवलीशी फाइल आपली रुंदी-उंची ६०,००० × ६०,००० असल्याचे सांगते. पिक्सेलला चार बाइट धरले, तर सुमारे १४.४ गिगाबाइट मेमरी लागते, तीही बोटभर चित्रासाठी! आयफोनवर २०१७ पासून आलेला हेइक हा फोटो-फॉरमॅट तर एमपीफोर या व्हिडिओ-फॉरमॅटच्या घराण्यातला डबा आहे. त्यातला एक फोटो अनेक चौकोनी तुकडे डीकोड करून जोडावा लागतो.

विंडोज एक्सपीच्या काळात थंबनेल काढणारे प्लगइन (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) एक्सप्लोरर या विंडोजच्या फाइल मॅनेजरच्या प्रोसेसमध्येच लोड होत. कुठल्याशा तिसऱ्याच प्रोग्रॅमने बसवलेला डीकोडर कोलमडला की एक्सप्लोररही जाई. व्हिस्टामध्ये थंबनेलसाठी नवा इंटरफेस आला आणि हे काम सहसा वेगळ्या प्रोसेसकडे गेले. ‘कॉम सरोगेट’ हीच ती वेगळी प्रोसेस; ती बंद पडल्याचा संदेश अनेकांना त्रासाचा वाटतो. खरे तर एक्सप्लोररच्या वाट्याचा घाव त्या सरोगेटने झेललेला असतो.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर फ्रीडेस्कटॉप या समान नियम ठरवणाऱ्या प्रकल्पाच्या ठरावाने निदान साठवण एकसारखी झाली: थंबनेल पीएनजीमध्ये, १२८, २५६ अशा ठरावीक पिक्सेलच्या चौकटीत बसणारे (पुढे ५१२ आणि १०२४ ही मापेही आली), फाइलच्या पत्त्यावरून एमडीफाइव्ह या गणिती रीतीने काढलेल्या नावाने. ज्या फाइलचे थंबनेल बनले नाही तिची नोंद ‘फेल’ नावाच्या फोल्डरमध्ये करण्याचीही सोय त्यात आहे, म्हणजे तीच फाइल पुन्हा पुन्हा चाचपली जात नाही. कल्पना चांगली आहे, पण नोंद करायला प्रोग्रॅम जिवंत हवा. तो डीकोड करतानाच मेला तर मागे काहीच राहत नाही, आणि पुढच्या वेळी त्याच फाइलवर तोच अपघात होतो. फोल्डर उघडताक्षणी दर वेळी क्रॅश होण्याचे गूढ बहुधा एवढेच असते.

क्रॅश हा नुसता वैताग नाही, हे हळूहळू कळत गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलेला एक दोष थंबनेलच्या बिटमॅपमधल्या रंगसंख्येचा होता: तिथे ऋण संख्या लिहिली की बफर, म्हणजे मेमरीतली ठरावीक जागा, ओसंडत असे आणि हल्लेखोराचा कोड चालवता येई. नोव्हेंबर २०१६ मध्ये ख्रिस इव्हान्स या सुरक्षा संशोधकाने तर उबंटू या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवर जुन्या गेम-यंत्राची संगीत-फाइल वापरून दाखवून दिले, की फाइल असलेला फोल्डर उघडणेही पुरेसे ठरते. थंबनेलच्या प्रयत्नातच हल्ला सफल होतो. पुढच्याच वर्षी जीनोम या लिनक्स-डेस्कटॉपच्या ३.२६ आवृत्तीत थंबनेल बनवणारे प्रोग्रॅम बबलरॅप या साधनाच्या, बाकी संगणकापासून तोडलेल्या, बंदिस्त कप्प्यात चालू लागले. वेबपी चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीतला सप्टेंबर २०२३ मधला दोष ब्राउझरपासून अनेक ॲप्लिकेशनपर्यंत पोचला, तेव्हा तो कप्पा किती गरजेचा होता हे पुन्हा दिसले. जीनोमची ग्लायसिन ही चित्रे उलगडणारी लायब्ररी आता याच वाटेने पुढे गेली आहे: मेमरीच्या चुका टाळणाऱ्या रस्ट या भाषेत लिहिलेली, आणि चित्र उलगडणारा लोडर वेगळ्या, बंदिस्त प्रोसेसमध्ये.

ही विभागणी जिथे नीट झाली आहे, तिथे खराब फाइलच्या जागी साधे चिन्ह दिसते आणि बाकीची चित्रे उमटत राहतात. जिथे एखादा प्लगइन अजून फाइल मॅनेजरच्याच प्रोसेसमध्ये लोड होतो, तिथे सेटिंगमधून थंबनेल बंद करून फोल्डर उघडावा, निम्म्या फाइल दुसरीकडे हलवाव्यात, थंबनेल पुन्हा चालू करून पाहावे आणि ज्या निम्म्या भागावर क्रॅश होतो त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. हजार फाइल असल्या तरी दहाएक फेऱ्यांत ती एक फाइल हाती लागते, आणि तीच तक्रारीला जोडून दिली की दोष शोधणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते.