खुब्याचे मोडलेले हाड आणि शस्त्रक्रियेभोवतीची काळजी: सीमाभागातून पाहिलेली पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीकडच्या घरात वयस्कर माणूस रात्री न्हाणीत घसरून पडले, उठता येईना आणि एक पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, की शेजारीपाजारी लगेच "खुबा मोडला" म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असते. त्यानंतर घरात जी चर्चा होते ती एकाच प्रश्नाभोवती फिरते: या वयात ऑपरेशन झेपेल का? या दुखण्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास वाचल्यावर मला वाटते, की त्याआधी वेगळाच प्रश्न विचारायला हवा: या वयात अंथरुणावर पडून राहणे झेपेल का?

ही शंका जुनीच आहे. लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी 1822 च्या आपल्या ग्रंथात खुब्याच्या सांध्याच्या पिशवीच्या आत मोडणारे हाड आणि पिशवीबाहेर मोडणारे हाड यांतला फरक स्पष्ट केला. आतले हाड मोडले की मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते सहसा जुळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून अशक्त वृद्धांत हाड जुळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा जीव वाचवण्याला, म्हणजे रुग्णाला लवकर उठवण्याला, त्यांनी महत्त्व दिले. तरीही पुढे शंभर वर्षे बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला प्लास्टर किंवा पायाला लावलेले वजन आले. आपल्याकडे "वजन लावून ठेवलंय" हा शब्दप्रयोग अजून ऐकू येतो. आठवडेच्या आठवडे उताणे पडलेल्या वृद्धाला न्यूमोनिया होतो, पाठीला व माकडहाडाला जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. हाड मोडल्याने माणूस जात नसे; या गोष्टींनी जात असे.

1925 मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाकळ्यांचा खिळा वापरायला सुरुवात केली आणि 1931 मध्ये त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. 1950 च्या दशकात मूर आणि थॉम्पसन यांचे धातूचे गोळे आले, त्यामुळे न जुळणाऱ्या हाडाचा गोळाच बदलता येऊ लागला. हाडाचा प्रश्न बराचसा सुटला, पण रुग्णाचा सुटला नाही, कारण त्याच्याबरोबर मधुमेह, अशक्त हृदय, कमी रक्त आणि कुपोषणही शस्त्रक्रियेच्या टेबलावर येत होते. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे 1950 च्या दशकाच्या अखेरीस अस्थिशल्यविशारद मायकेल डेव्हास आणि वृद्धरोगतज्ज्ञ बॉबी अर्विन यांनी हे रुग्ण एकत्र पाहण्यास सुरुवात केली. आजच्या सगळ्या पद्धतींचे मूळ मला या भागीदारीत दिसते. ब्रिटनमध्ये 2007 मध्ये या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, आणि दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी, अशी शिफारस 2011 पासून तेथे आहे. 17 देशांतील 2,970 रुग्णांच्या 2020 मधील चाचणीत, निदानानंतर सहा तासांच्या आसपास शस्त्रक्रिया केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. पण मानसिक गोंधळ आणि मूत्रमार्गाचा संसर्ग कमी झाला व रुग्ण लवकर उठले.

सीमाभागात हा इतिहास रस्त्यांवरून आणि हद्दींवरून आला. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले तेव्हापासून अथणी, कागवाड, रायबागकडच्या लोकांची वाट मिरजेला लागली, आणि 1956 मध्ये राज्यांची सीमा मधोमध आली तरी ती वाट मोडली नाही. बेळगावात केएलई संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय 1963 मध्ये सुरू झाले. जिल्हा रुग्णालयाला जोडलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 2005 चे. पैशांच्या बाजूने 2018 मध्ये आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आली आणि 2024 मध्ये केंद्राने 70 वर्षे व त्यावरील सर्वांना आयुष्मानचे संरक्षण दिले. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये कर्नाटकातील 865 गावांतील मराठी भाषिकांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ जाहीर केला, त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला. मात्र कोणत्या राज्याचे कार्ड कोणत्या दवाखान्यात चालेल, याची विचारपूस पडल्यानंतर सुरू झाली तर तेही तास रुग्णाचेच जातात, आणि हाड बसवणाऱ्याकडे मालिशीला घालवलेले दिवस तर त्याहून महाग पडतात.

हे तास कशासाठी वापरायचे, हे आता बऱ्यापैकी ठरलेले आहे. मांडीच्या नसांना बधिर करणारे इंजेक्शन लवकर दिले तर वेदना आणि त्यासोबत जोरकस औषधांची गरज घटते. भूल पाठीतून की पूर्ण, यावर घरात बराच वाद होतो. 2021 च्या मोठ्या चाचणीत 60 दिवसांनंतर मृत्यू आणि चालण्याची क्षमता यांत दोन्हींमध्ये फरक आढळला नाही. उगाच रात्रभर पाण्यावाचून ठेवणेही टाळता येते, कारण साधे पाणी साधारणपणे भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालते. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करायचे असते, आणि इथे घरची माणसे "अजून टाके ओले आहेत" म्हणून अडवतात, त्यांना मी दोष देत नाही. पण तीच माया रुग्णाला खाटेला जखडते.

मानसिक गोंधळाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर वृद्ध माणूस रात्री बडबडतो, सलाईन ओढतो, लेकीला ओळखत नाही. याला म्हातारचळ समजून हातपाय बांधले जातात. गोंधळ टाळण्याचे ठाऊक असलेले उपाय साधे आहेत: चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ ठेवणे, रात्री झोपू देणे, बद्धकोष्ठ व लघवी तुंबण्याकडे पाहणे, आणि आपण कुठे आहोत हे त्याला समजेल अशा शब्दांत पुन्हापुन्हा सांगणे. ज्या आजीने सारे आयुष्य मराठीत काढले, तिला वॉर्डात दिवसभर फक्त कन्नड आणि इंग्रजीच कानावर पडत असेल, तर शेजारी बसलेल्या नातवाने "आजी, आपण बेळगावला दवाखान्यात आहोत, पायाचं ऑपरेशन झालंय, बाबा खाली चहा प्यायला गेलेत" असे सांगणे औषधाइतकेच मोलाचे असते.