पोटातला जंतू आणि रक्तातली चरबी

औसा तालुक्यातल्या आमच्या काकांच्या सदऱ्याच्या खिशात पाच-सहा वर्षांपासून पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट असतं. "जेवलं की छातीत जळजळ करायलंय, गोळी घेतली की थांबायलंय," एवढीच त्यांची तक्रार. यंदा लातूरला रक्त तपासलं, तर ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढून २६० आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल घटून ३१. माणूस अंगानं काटक, जेवणात ज्वारीची भाकरी आणि वरण. डॉक्टरांनी चरबीची गोळी सुरू केली आणि इतक्या वर्षांच्या जळजळीसाठी पोटातल्या जंतूची तपासणी सांगितली. संध्याकाळी चुलतभावानं मोबाइल पुढं धरला: "जंतू मारला की कोलेस्टेरॉल उतरतं म्हणे. मग ही दुसरी गोळी कशाला?"

हा प्रश्न वेडगळ नाही. त्याच्यामागं चाळीसेक वर्षांचं संशोधन आहे.

पोटातला अल्सर तिखटानं, काळजीनं आणि आम्लानं होतो, असंच वैद्यकशास्त्र मानत होतं. इतक्या आम्लात जिवाणू जगणारच नाही, ही खात्री. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन यांना जठराच्या तुकड्यांवर वाकडे जिवाणू दिसले. पुढं तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्याबरोबर कामाला लागले. प्रयोगशाळेत जंतू काही केल्या वाढत नव्हता. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यात तो उगवला. तरी कुणी मानेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतः ते जंतूंचं पाणी प्याले. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, दुर्बिणीनं पाहिलं तर जठराला सूज. पुढं या जंतूला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळालं आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल. हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशानं आम्लातून तगतो. लहानपणी घरातच, एकाकडून दुसऱ्याला लागतो, आणि औषध दिलं नाही तर बहुधा जन्मभर मुक्कामाला राहतो.

चरबीचा धागा मात्र दुसरीकडूनच आला, आणि मला या सगळ्यात तोच सर्वात विलक्षण वाटतो. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी परजीवीची लागण झालेल्या सशांवर काम करत होते. ससे खंगत चालले होते, हाडं वर आली होती. आणि त्यांचं रक्त काढलं तर वरचा रस दुधासारखा पांढरा, चरबीनं भरलेला. उपाशी जनावराच्या रक्तात एवढी चरबी आली कुठून? लागण झाली की शरीर स्वतःच एक प्रथिन सोडतं आणि ते रक्तातली चरबी फोडणारं विकर दाबून टाकतं, असं उत्तर निघालं. १९८५ मध्ये कळलं की हे प्रथिन म्हणजेच टीएनएफ, सूज आली की शरीरात वाढणारं. म्हणजे लागण आणि ट्रायग्लिसराइड यांची सांगड पोटातल्या जंतूचा चरबीशी संबंध कुणी जोडण्याआधीच बसली होती.

१९९० च्या दशकात हे दोन धागे जुळले. १९९४ मध्ये इंग्लंडमधून या जंतूचा आणि हृदयविकाराचा संबंध मांडला गेला. फिनलंडमधल्या संशोधकांना जंतू असलेल्या लोकांत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी आढळलं. तर्क सरळ होता: जठरात वर्षानुवर्षं मंद सूज, त्यामुळं टीएनएफसारखी रसायनं, त्यामुळं चरबी फुटण्यात अडथळा. २००६ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. हा जंतू आपल्या पेशींमधून कोलेस्टेरॉल ओढून घेतो, त्याला साखर जोडतो आणि तेच पांघरून रोगप्रतिकारक पेशींना चकवतो.

तरीही भावाच्या प्रश्नाला मी "नाही" म्हणालो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो. आणि आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१४ साली छापलेल्या पाहणीत, जिच्यात महाराष्ट्रही होता, शंभरातल्या ७२ जणांचं एचडीएल कमी निघालं. दोन्ही गोष्टी घरोघरी असल्या की त्या एकाच माणसात सापडणारच. त्यावरून एकीमुळं दुसरी झाली असं ठरत नाही. शिवाय जिथं दाटीवाटी आणि पाण्याची ओढ, तिथं जंतू जास्त. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आम्ही पाहिलंय. टँकरच्या एका हंड्यात अख्खं घर भागवताना हात धुणं सगळ्यात आधी कमी होतं. आणि अशाच घरांत खाणं, तेल, तंबाखू, औषधोपचार हेही वेगळे असतात. हे सगळं वजा करून उरतो तो संबंध लहान, आणि काही अभ्यासांत उरतच नाही. जंतू गेल्यावर कुणाचं एचडीएल थोडं वाढतं, तर भूक सुधारल्यानं कुणाचं वजनही वाढतं.

हृदयविकाराच्या बाबतीत अशी आशा एकदा फोल ठरलेली आहे. १९८८ मध्ये क्लॅमिडिया न्यूमोनिये या फुप्फुसाला लागणाऱ्या जंतूवर संशय आला. पुढं हजारो रुग्णांना प्रतिजैविकं देऊन पाहिली, आणि २००५ मध्ये निकाल आले: झटके कमी झाले नाहीत.

काकांची अडचण वेगळीच निघाली. पित्ताची गोळी चालू असताना हा जंतू दबून राहतो आणि तपासणी खोटी निर्धास्त करते, म्हणून आधी दोन आठवडे गोळी बंद ठेवायला सांगितली. ते दोन आठवडे त्यांनी ताकावर आणि उशाला दोन उशा घेऊन काढले. तपासणीत जंतू निघाला. चौदा दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्स परवा संपला. महिनाभरानं पुन्हा तपासणी आहे. चरबीची गोळी डॉक्टरांनी चालूच ठेवली आहे.