डॉसचा आजच्या संगणकावरील वापर

डॉस ही १९८१ साली आयबीएम पीसीबरोबर आलेली, टंकलेल्या आज्ञांवर चालणारी कार्यप्रणाली. मायक्रोसॉफ्टने स्वतंत्रपणे विकलेली तिची शेवटची आवृत्ती ६.२२ ही १९९४ ची. त्याच वर्षी जिम हॉल यांनी सुरू केलेली फ्रीडॉस ही मुक्त कार्यप्रणाली आजही विकसित होत आहे, तिची १.३ आवृत्ती २०२२ मध्ये आली. डॉस टिकून आहे ते मुख्यतः क्लिपर किंवा फॉक्सप्रो या नोंदी सांभाळणाऱ्या जुन्या प्रोग्रामिंग साधनांत लिहिलेल्या हिशेबाच्या प्रोग्रामांमुळे आणि त्यांत साठलेल्या जुन्या नोंदींमुळे.

६४-बिट विंडोजवर हे १६-बिट प्रोग्राम उघडतच नाहीत. प्रोसेसर ६४-बिट अवस्थेत असताना त्यांना लागणारी आभासी ८०८६ अवस्था (जुन्या ८०८६ प्रोसेसरसारखे वागण्याची सोय) त्यात उपलब्ध नसते. थेट यंत्रावर फ्रीडॉस चढवायची तर संगणकाच्या सेटअपमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद आणि लेगसी किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) चालू करावे लागते, कारण डॉस डिस्कशी बायॉस या यंत्रातल्या जुन्या मूळ प्रोग्राममार्फतच बोलते. फक्त यूईएफआय (बायॉसची जागा घेणारी नवी व्यवस्था) असलेल्या नव्या यंत्रांत ही सोय नसते. तिथे आभासी यंत्र (प्रोग्रामने संगणकातच उभा केलेला दुसरा संगणक) वापरावे: ३२ एमबी स्मृती आणि ५०० एमबीची डिस्क भरपूर होते. विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालवणारा डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनवलेला आहे. पेढीच्या हिशेबासाठी त्याच जातीचा व्हीडॉस अधिक योग्य.

वेगवान प्रोसेसरवर टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग साधनात लिहिलेले काही प्रोग्राम सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडतात. ५५ मिलिसेकंदांत किती फेऱ्या होतात हे मोजून प्रोग्राम त्या आकड्याला ५५ ने भागतो; उत्तर १६ बिटांत मावत नाही. प्रोग्रामची फाइल दुरुस्त करणे हा पक्का उपाय.

छपाईत सर्वाधिक वेळ जातो. प्रोग्राम एलपीटी१ वर (प्रिंटरच्या जुन्या पॅरलल जोडणीवर) नुसती अक्षरे पाठवतो, आणि विंडोजच्या ड्रायव्हरवरच चालणाऱ्या स्वस्त यूएसबी प्रिंटरला ती कळत नाहीत. अशी नुसती अक्षरे छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जपून ठेवावा. नवे पॅरलल कार्ड बसवले तरी त्याचा पत्ता नेहमीचा ३७८ (हेक्स) नसतो, त्यामुळे थेट त्या पत्त्यावर लिहिणाऱ्या प्रोग्रामला ते सापडत नाही.

मराठी नोंदींचा प्रश्न वेगळाच आहे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसे. ते मदरबोर्डवरच्या आयएसए या जुन्या प्रकारच्या खाचेत बसे. आजच्या मदरबोर्डवर ती खाच नसते. कार्डाविना इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतातली (प्रत्येक अक्षराला एक आकडा) अक्षरे चौकटीच्या रेघा होऊन दिसतात: ‘क’ (१७९) म्हणजे उभी रेघ, ‘द’ (१९६) म्हणजे आडवी. माहिती बिघडलेली नसते, फक्त वाचता येत नाही. म्हणून अशी फाइल ‘खराब’ समजून कधीही पुसू नये.

या नोंदी युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात) नेताना आधी मूळ फाइलची प्रत काढावी. इस्कीत एका अक्षरचिन्हाला एक बाइट लागतो, युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन. २० बाइटांच्या नावाच्या रकान्यात मग सहाच चिन्हे मावतात आणि पुढचे नाव गळते. रकाना तिप्पट रुंद करून घ्यावा. ‘ऱ’साठी इस्कीत वेगळा संकेत (२०८) आहे. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने त्याला साधा ‘र’ मानले, तर ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी ‘आचार्यांना’ दिल्याची नोंद होते. शंभरेक नोंदी मूळ छापील वहीशी ताडून पाहिल्याशिवाय जुने यंत्र मोडीत काढू नये.