टेबलावरच्या वैज्ञानिक खेळण्यांची पूर्वपीठिका

विज्ञानाची आवड असलेल्या माणसाला भेट काय द्यावी, या प्रश्नाची काही ठरलेली उत्तरे आहेत: उजेड पडताच काचेच्या गोळ्यात फिरू लागणारी भिंगरी, एकमेकांवर आपटणारे पोलादी गोळे, पाण्यात चोच बुडवणारा काचेचा पक्षी, रंगीत फुगे तरंगणारा तापमापक. ही खेळणी कुणीतरी निव्वळ गंमत म्हणून घडवली असावीत असे वाटते. प्रत्यक्षात त्यांपैकी बऱ्याच खेळण्यांची मुळे प्रयोगशाळेत आणि मोजमापाच्या खटपटीत सापडतात. त्यांच्यात आणखी एक साम्य आहे. खोक्यावरचे नाव किंवा खोक्यातल्या चिठ्ठीवरचे स्पष्टीकरण, यांपैकी एक तरी बहुधा चुकीचे, निदान अपुरे, असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ती भिंगरी, अर्थात क्रुक्स रेडिओमीटर. विल्यम क्रुक्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1861 मध्ये थॅलियम हे मूलद्रव्य शोधले आणि पुढे त्याचा अणुभार अचूक काढण्यासाठी तो निर्वात पेटीतल्या तराजूवर नमुने तोलू लागला. ऊन पडले किंवा उष्ण वस्तू जवळ आली की तराजू किंचित ढळतो, हे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्या एखाद्याने पेटीवर पडदा टाकून काम पुढे रेटले असते. क्रुक्सने त्या ढळण्याचाच पाठपुरावा केला आणि 1873 च्या सुमारास त्यातून चार पात्यांची भिंगरी तयार झाली. प्रत्येक पात्याची एक बाजू काजळी लावलेली आणि दुसरी चकचकीत होती. प्रकाशाच्या दाबामुळे ती फिरते, असे क्रुक्सला वाटले. त्याच्या निबंधाच्या परीक्षकांपैकी एक असलेल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञालाही प्रारंभी त्यात रस वाटला, कारण प्रकाश दाब देतो हे त्याच्याच सिद्धांताचे भाकीत होते.

अडचण दिशेची होती. प्रकाश परतवणाऱ्या चकचकीत बाजूवर त्याचा दाब काळ्या बाजूच्या सुमारे दुप्पट असायला हवा, म्हणजे चकचकीत बाजू प्रकाशापासून दूर ढकलली जायला हवी. भिंगरी नेमकी उलट फिरते. दूर पळते ती काळी बाजू. शिवाय गोळ्यातली हवा जवळजवळ पूर्ण काढून घेतली तर ती थांबते. 1876 मध्ये आर्थर शुस्टर या भौतिकशास्त्रज्ञाने सगळा गोळाच धाग्यांनी टांगला आणि पाती एकीकडे फिरू लागताच काच उलट दिशेला ढळते, असे दाखवले. बल बाहेरच्या प्रकाशाचे नसून आत उरलेल्या विरळ हवेचे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

काळी बाजू तापते, तिच्यावर आदळणारे रेणू अधिक वेगाने परततात आणि पात्याला मागे रेटतात, हे स्पष्टीकरण आजही सर्रास दिले जाते. मात्र वेगाने परतणारे रेणू नव्याने येणाऱ्यांची वाट अडवतात आणि त्यामुळे पात्याच्या मधल्या भागावर दाबाचा फरक जवळपास मिटून जातो. खरी करामत कडांपाशी घडते: तिथे वायू थंड बाजूकडून उष्ण बाजूकडे सरकतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पाते उलट ढकलले जाते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स आणि मॅक्सवेल या दोघांनी 1879 मध्ये ही दिशा दाखवली. 1924 मध्ये आइनस्टाइननेही कडांवरच्या बलाचा विचार मांडला. एका खेळण्यासाठी ही नामावळी थोडी जडच म्हणावी लागेल.

पोलादी गोळ्यांच्या ‘न्यूटनच्या पाळण्या’त न्यूटनचा वाटा नावापुरता आहे. टांगलेल्या गोळ्यांच्या टकरींचे प्रयोग एडम मारियॉट या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1673 मध्ये प्रसिद्ध केले होते आणि खुद्द न्यूटनने 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’ या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. ‘न्यूटनचा पाळणा’ हे नाव मात्र 1967 मध्ये सायमन प्रेबल या इंग्रज अभिनेत्याने विक्रीसाठी दिले. येथेही चिठ्ठी अपुरी पडते. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि ऊर्जा कायम राहतात एवढ्यावरून, एका टोकाचा गोळा आपटल्यावर पाच गोळ्यांपैकी नेमका शेवटचाच का उडतो हे ठरत नाही, कारण समीकरणे दोन आणि अज्ञात वेग पाच. त्यासाठी पोलाद क्षणभर कसे दबते आणि तो धक्का रांगेतून कसा सरकतो, हे पाहावे लागते.

‘गॅलिलिओ तापमापका’ची गोष्ट त्याहून थोडक्यात सांगता येते. गॅलिलिओ 1642 मध्ये वारला. द्रवात तरंगणाऱ्या फुग्यांचा तापमापक फ्लॉरेन्समध्ये 1657 मध्ये स्थापन झालेल्या आकादेमिया देल चिमेंतो या संस्थेच्या कामातून पुढे आला. तिच्यात त्याचे शिष्य होते, एवढाच काय तो संबंध.

पाणी पिणाऱ्या पक्ष्याचे अमेरिकी पेटंट बेल प्रयोगशाळेतील माइल्स सलिव्हन यांना 1946 मध्ये मिळाले. ओल्या डोक्यावरून पाणी उडून जाते, डोके गार होते, आतली वाफ आकसते आणि सुमारे 40 अंश सेल्सिअसला उकळणारा डायक्लोरोमिथेन हा द्रव नळीतून वर चढतो. डोके जड होऊन पक्षी वाकला की नळीचे खालचे टोक उघडे पडते आणि द्रव परत उतरतो. दमट खोलीत तो मंदावतो, त्यावरूनच हे अखंड चालणारे यंत्र नव्हे हे कळावे. याच कुळातली, तळहाताच्या उबेने द्रव उसळणारी काचेची नळी बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात जर्मनीत पाहिली होती. आज ती ‘लव्ह मीटर’ म्हणून खपते आणि प्रेमाऐवजी हाताचे तापमान दाखवते.

लाव्हा दिव्याचा प्रवास मात्र उलटा झाला. इंग्लंडमध्ये एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी 1963 मध्ये तो बाजारात आणला तेव्हा तापून हलके होणारे आणि गार होऊन बुडणारे मेण केवळ शोभेसाठी होते. त्या मेणाचा पुढचा आकार कुणालाच सांगता येत नाही, हा गुण 1996 मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीतील संगणकतज्ज्ञांनी हेरला आणि दिव्यांच्या छायाचित्रांपासून यादृच्छिक, म्हणजे आधी ओळखता न येणाऱ्या, संख्या मिळवण्याची रीत तयार केली. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यालयात आता सुमारे शंभर लाव्हा दिव्यांची एक भिंत आहे. तिच्यावर कॅमेरा रोखलेला असून त्याने टिपलेली चित्रे गुप्तलेखनाच्या किल्ल्या घडवण्यास हातभार लावतात; एखादा पाहुणा मध्ये येऊन उभा राहिला, तर त्याचीही आकृती त्या आकड्यांत मिसळून जाते.